टीएनएफ-अल्फाची दहा मायक्रोग्रॅमची कुपी तिसऱ्या आठवड्यात का रुसली?

निपाणीकडच्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. एमएस्सीच्या मुलीच्या प्रोजेक्टसाठी त्यांनी रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या जीवात घालून बनवलेल्या) ह्यूमन टीएनएफ-अल्फाची, म्हणजे पेशींना मरायचा निरोप देणाऱ्या माणसाच्या प्रोटीनची, १० मायक्रोग्रॅमची कुपी मागवली. गुळवेलीच्या अर्कामुळे एल९२९ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या उंदराच्या पेशी) टीएनएफच्या तडाख्यातून वाचतात का, हे बघायचं होतं. कुपी उघडली तर आत काहीच दिसेना. तरी १ मिली निर्जंतुक पाणी घातलं, हलवलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. पहिल्या आठवड्यात पेशी मेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच डोसला ढिम्म. कंपनीने फसवलं का, पैसे परत मागावेत का, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी अजून एक ओळ आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

बाई, कंपनीला पत्र लिहायची घाई करू नका. मी बेळगावात वीस-बावीस वर्षं सेल कल्चर करतोय आणि या काळात खरोखर खराब निघालेल्या कुप्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आमच्या हातून खराब झालेल्या मात्र मोजायच्या मी कधीच सोडून दिल्या.

आधी ती ‘रिकामी’ कुपी. आपल्या चिकोडी-निपाणी भागात साखर सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून साखरेवरूनच सांगतो. साखरेचा एक दाणा साधारण अर्ध्या मिलिग्रॅमचा, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमचा धरा. तुमच्या कुपीत त्याचा पन्नासावा भाग आहे, आणि तोही सुकवून काचेवर पसरलेला. ज्या कुपीत ट्रेहॅलोज किंवा मॅनिटॉलसारखं भरण घातलेलं असतं तिथे पांढरा कापूस दिसतो. नुसतं प्रोटीन आणि चिमूटभर क्षार असतील तर काही दिसत नाही. आमच्याकडचा एक मुलगा पहिल्यांदा अशी कुपी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला होता. म्हणाला, ‘सर, सील तर बरोबर आहे, खरं आत काहीच नाही.’ मी कुपी ट्यूबलाइटखाली तिरकी धरायला लावली. तळाच्या कडेला गोगलगाय चालून गेल्यावर राहते तशी एक पुसट चकाकी होती. तेच ते दहा मायक्रोग्रॅम.

ही चकाकी तळालाच असेल याची खात्री नाही. सुकवताना किंवा प्रवासात ती झाकणाला, वरच्या काठाला चिकटते. म्हणून उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवायची. तुम्ही ते केलं होतं का, लिहिलेलं नाही. केलं नसेल तर झाकण उघडताना थोडा माल तिथेच गेला असं समजा.

आता खरी चूक. १० मायक्रोग्रॅममध्ये १ मिली पाणी, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम. बहुतेक कंपन्या या प्रोटीनसाठी मिलीला ०.१ ते १ मिलिग्रॅम एवढं गाढ द्रावण करायला सांगतात. म्हणजे तुम्ही १०० मायक्रोलिटर घालायला हवं होतं, घातलं दहापट. कारण सरळ आहे: प्रोटीन भांड्याला चिकटतं. काच असो की प्लॅस्टिक, भिंतीवर ठरावीक जागा असतात आणि त्या भरल्याशिवाय राहत नाहीत. द्रावण गाढ असेल तर भिंतीने घेतलेला वाटा नगण्य ठरतो. पातळ असेल तर भिंतच निम्मा माल गिळते. म्हणून पहिलं गाढ द्रावण झालं की पुढचं पातळ करणं ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रोटीन) घातलेल्या पीबीएसमध्ये (क्षारांच्या पाण्यात) किंवा सीरम असलेल्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) करायचं. बीएसए स्वस्त असतं, भिंतीच्या जागा ते अडवतं आणि आपलं महागाचं प्रोटीन मोकळं राहतं. फक्त बीएसए सेल कल्चरच्या दर्जाचं घ्या, ब्लॉटिंगसाठी आणलेल्या बरणीतलं नको.

पातळ द्रावणात दुसरंही एक होतं, आणि टीएनएफच्या बाबतीत ते जास्त महत्त्वाचं आहे. टीएनएफ-अल्फाची एक साखळी १५७ अमिनो आम्लांची, वजन सुमारे १७.४ किलोडाल्टन. प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस-पेज जेलवर पट्टी १७ च्या आसपास दिसते ती या सुट्या साखळीची. पण पेशीवर काम करतो तो तीन साखळ्यांचा जुडगा, सुमारे ५२ किलोडाल्टनचा. तीन दगडांची चूल डोळ्यासमोर आणा. दगड तेच, पण बाजूला काढून ठेवले तर भांडं कशावर ठेवणार? द्रावण फार पातळ झालं की हा जुडगा हळूहळू सुटत जातो आणि सुट्या साखळीला पेशीच्या रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या खुंटीवर) काही करता येत नाही. मीडियात नॅनोग्रॅममध्ये बनवलेला डोस त्या दिवशी वापरायचा, उरला तर टाकायचा. आपल्याकडे कालची आमटी आज जास्त चवदार लागते, त्यामुळे टाकायला हात धजत नाही हे मला माहीत आहे. इथे तो मोह आवरा. आणि व्होर्टेक्सवर घुसळणं बंद. फेस आला की हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रोटीन उलगडतं. पाणी कुपीच्या भिंतीवरून सोडा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग हलके गोल फिरवा.

साठवणीचं गणित. विरघळवलेलं टीएनएफ २ ते ८ अंशांवर साधारण आठवडाभर टिकतं असं कंपन्यांच्या कागदावर असतं. तुमचा पहिला आठवडा चांगला गेला आणि तिसरा फसला, यात गूढ काही नाही. यापुढे १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवा, लगेच दहा-दहा मायक्रोलिटरच्या दहा नळ्या करा आणि उणे ८० वर टाका. लो-बाइंड (प्रोटीन कमी चिकटणाऱ्या) नळ्या मिळाल्या तर उत्तम. प्रत्येक नळीत १ मायक्रोग्रॅम. मिलीला १० नॅनोग्रॅमच्या डोसने त्यातून १०० मिली मीडिया होतो. एका ९६ वेलच्या प्लेटला वेलमागे १०० मायक्रोलिटर धरून जेमतेम १० मिली लागतो, म्हणजे एक नळी एका दिवसाला पुरून उरते. एकदा वितळवली की परत गोठवायची नाही.

उणे ८० नसेल, आणि आपल्या बहुतेक कॉलेजांत नसतोच, तर उणे २० चालेल. पण घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीझर नको. तो बर्फ साचू नये म्हणून ठरावीक वेळाने आतून गरम होतो आणि तुमच्या नळ्या तुमच्या नकळत वितळून पुन्हा गोठत राहतात. विजेचंही बघा. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला झाडं तारांवर पडली की वीज कधी येईल सांगता येत नाही, आणि सोमवारी सकाळी आपण येतो तेव्हा सगळं परत गोठलेलं असतं. मी एक साधी युक्ती करतो. प्लॅस्टिकच्या डबीत पाणी गोठवायचं आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून डबी फ्रीझरमध्ये ठेवायची. नाणं वर असेल तर ठीक. नाणं बर्फाच्या तळाशी सापडलं तर तुम्ही नसताना फ्रीझर वितळून गेला होता. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमचं नाणं तळाला गेलं. त्या महिन्यातले सगळे निकाल मी कोरी पानं समजून बाजूला ठेवले. विद्यार्थी हिरमुसले, पण इलाज नव्हता.

सुकलेल्या पावडरीचं मात्र एवढं कोडकौतुक लागत नाही. काही वर्षांपूर्वी सीमाप्रश्न तापला होता, सीमेवरच्या कोगनोळीला गाड्या अडकल्या आणि पुण्याकडून येणारं आमचं पार्सल चार दिवस पलीकडेच राहिलं. त्यात सुकलेलं आयएल-६ (टीएनएफसारखंच निरोप देणारं एक प्रोटीन) होतं आणि ड्राय आइसमध्ये एक द्रव एन्झाइम होतं. ड्राय आइस तर दुसऱ्याच दिवशी उडून गेला असणार. एन्झाइम मेलं. आयएल-६ पहिल्या प्रयोगात नेहमीसारखं चाललं. कंपन्या पावडर साध्या तापमानाला पाठवतात ती उगाच नाही. म्हणून पार्सल कोमट आलं म्हणून घाबरू नका, आणि कुपी एकदा भिजली की मात्र घाई करा.

विरघळवण्याचा नियम एका प्रोटीनचा दुसऱ्याला लावू नका. टीजीएफ-बीटा हे दुसरं प्रोटीन तुम्ही थेट पीबीएसमध्ये घातलंत तर पस्तावाल, त्याला बीएसए घातलेलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. सोबतचा कागद वाचायचा, एवढंच. आमच्याकडे तो कागद खोक्याबरोबर केरात जातो.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. कंपनीने फसवलं का, हे कसं कळणार? सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस (कंपनीचा तपासणीचा कागद) काढा आणि त्यावरचा लॉट नंबर कुपीवरच्या नंबराशी जुळवा. त्यात शुद्धतेचा आकडा असतो, ९५ टक्क्यांच्या वर वगैरे. लोक तोच बघतात. मी तो सगळ्यात शेवटी बघतो. शुद्ध पण मेलेलं प्रोटीनही जेलवर तेवढीच देखणी पट्टी देतं. बघायचा आकडा ईडी५०. एल९२९ पेशींवर, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी घालून, निम्मा परिणाम किती डोसला दिसतो तो. चांगल्या टीएनएफसाठी हा मिलीला ०.०५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असतो. मिलिग्रॅममागे किती युनिट हे काढायचं तर दहा लाखांना ईडी५० ने भागा: ०.०५ ने भागलं की २ कोटी. कुपीवर मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात, पण पेशीला मायक्रोग्रॅम कळत नाहीत, तिला युनिट कळतात. दोन कंपन्यांचे १० नॅनोग्रॅम सारखे नसतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटचेही नसतात.

या आकड्यात अ‍ॅक्टिनोमायसिनचा उल्लेख आहे तो नजरेतून सुटू देऊ नका. टीएनएफ पेशीला एकाच वेळी दोन निरोप देतं: मर, आणि जगायची तयारी कर. एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रोटीन जागं होतं, बचावाची जनुकं चालू होतात, आणि पुष्कळ पेशी त्यातून तरून जातात. अ‍ॅक्टिनोमायसिन आरएनए बनणंच थांबवतं, म्हणून बचाव उभा राहत नाही आणि पेशी कितीतरी कमी डोसला मरते. साधारण मिलीला १ मायक्रोग्रॅम अ‍ॅक्टिनोमायसिन घालतात आणि १८ ते २४ तासांनी वाचन घेतात. तुम्ही ते घातलं होतं का? घातलं असेल तर त्याचा स्टॉक कुठे ठेवला होता? ते प्रकाशाला नाजूक आहे. उघड्या रॅकवर तीन आठवडे काढले असतील तर माझा निम्मा संशय टीएनएफवरून उठून त्याच्यावर जाईल. हातमोजे घालूनच हाताळा, ते विष आहे.

मुलीने विचारलं असेलच की माणसाचं प्रोटीन उंदराच्या पेशीवर कसं चालतं, कारण एल९२९ उंदराच्या. टीएनएफचं नशीब चांगलं: माणसाचं टीएनएफ उंदराच्या पहिल्या रिसेप्टरला धरतं, दुसऱ्याला नाही, आणि मारायचं काम पहिल्याकडून होतं. हे सगळ्यांना लागू नाही. माणसाचं इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशीवर घालाल तर काहीच होणार नाही, मग कुपी कितीही ताजी असो.

पेशीही तपासा. आम्ही पहिल्या एल९२९ पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधून आणल्या, मीडियाने काठोकाठ भरलेला फ्लास्क मांडीवर धरून, रात्रीच्या गाडीने. त्याच पेशी चाळीस-पन्नास वेळा विभागत नेल्या आणि मग टीएनएफला दाद देईनाशा झाल्या. आम्ही दोन कुप्या बदलल्या, एका पुरवठादाराशी फोनवर भांडलो, आणि शेवटी द्रव नायट्रोजनमधल्या जुन्या पेशी काढल्यावर तीच टाकाऊ ठरवलेली कुपी व्यवस्थित चालली. त्या पुरवठादाराला नंतर फोन करताना माझा आवाज फार मऊ होता.

तुमचं टीएनएफ ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं आहे. त्यात कमीपणा काही नाही. टीएनएफ-अल्फाला कामासाठी साखरेच्या साखळ्या लागत नाहीत, त्यामुळे जिवाणूने बनवलेलं चालतं. रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनसारख्या प्रोटीनचं तसं नाही, त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा साखरेचा आणि ते सस्तन प्राण्याच्या पेशीतच बनवावं लागतं. पण जिवाणूबरोबर त्याच्या भिंतीचं विष, एन्डोटॉक्सिन, येतं. कागदावर ‘मायक्रोग्रॅमला १ ईयूपेक्षा कमी’ असं काहीतरी असेल. १ ईयू (एन्डोटॉक्सिन मोजायचं एकक) म्हणजे साधारण १०० पिकोग्रॅम. तुम्ही मिलीला १० नॅनोग्रॅम टीएनएफ घालता तेव्हा एन्डोटॉक्सिन जास्तीत जास्त १ पिकोग्रॅम जातं, एल९२९ साठी सोडून द्या. उद्या कोणी मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) दुसरं एखादं प्रोटीन मिलीला १ मायक्रोग्रॅमने वापरलं तर तेच १०० पिकोग्रॅम होतं, आणि पेशी तेवढ्याला जाग्या होतात. प्रोटीनने चमत्कार केला असा शोधनिबंध मग एन्डोटॉक्सिनवर उभा राहतो. ओळखायला सोपी चाचणी: प्रोटीनचा थोडा भाग उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. प्रोटीन मरतं, एन्डोटॉक्सिन मरत नाही. उकळलेलंही तेवढंच काम करत असेल तर काम प्रोटीनचं नव्हे. आणि गुळवेलीच्या अर्कातही एन्डोटॉक्सिन असणार. मातीतून आलेला वेल तो, ऑटोक्लेव्ह केल्याने जिवाणू मरतील, त्यांचं विष जाणार नाही.

अर्काबद्दल आणखी एक गोष्ट, हिच्यात आमची दोन वर्षं गेली होती. तुम्ही वाचन एमटीटीने, म्हणजे जिवंत पेशींत जांभळं होणाऱ्या रंगद्रव्याने, घेत असाल. वनस्पतींच्या अर्कातले पॉलिफिनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. वेलमध्ये सगळ्या पेशी मेलेल्या आणि आकडा सांगतो ऐंशी टक्के जिवंत. मुलगी खूश, मार्गदर्शक खूश. म्हणून प्लेटवर एक रांग अशी ठेवा जिच्यात पेशीच नाहीत, फक्त मीडिया, अर्क आणि एमटीटी. शिवाय एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढा आणि एकदा मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या डोळ्यांनी पेशी बघा. मेलेली एल९२९ गोल होऊन तरंगते, तिला ओळखायला यंत्र लागत नाही.

आता ती शेवटची ओळ. तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या काकांना गाठ आहे आणि ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ हे नाव वाचून घरच्यांनी विचारलंय की ही कुपी मागवून डॉक्टरांकडून टोचून घेता येईल का. नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असतं ते कायद्याची पळवाट म्हणून नव्हे: त्या कुपीची माणसाच्या शरीरासाठी कसलीच तपासणी झालेली नसते. आणि नाव फसवं आहे. १९७५ मध्ये उंदरांमधल्या गाठी काळ्या पडून झडताना बघून ते दिलं गेलं, १९८४ मध्ये माणसाचं जनुक हाती आलं, आणि मग रुग्णांमध्ये प्रयत्न झाले तेव्हा कळलं की रक्तात सोडलं तर ते रक्तदाब कोसळवतं, जंतुसंसर्गाच्या शॉकसारखी अवस्था आणतं. औषध म्हणून ते युरोपात १९९९ मध्ये मंजूर झालं, पण फक्त हातापायाच्या विशिष्ट गाठींसाठी, त्या अवयवाचा रक्तप्रवाह शरीरापासून वेगळा काढून. उलट संधिवाताच्या रुग्णांना आज देतात ती अ‍ॅडॅलिमुमॅबसारखी औषधं टीएनएफला अडवणारी आहेत. काकांना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या, आणि त्या मुलीला हे तुम्ही स्वतः समजावून सांगा. घरी ती सांगेल तेच ऐकतील.

राहता राहिली तुमच्या फ्रिजमधली उरलेली नळी. टाकू नका. नवी कुपी आली की वर सांगितल्यासारखी करा आणि एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, त्याच पेशींवर दोन्ही लावा. मिलीला १०० नॅनोग्रॅमपासून सुरुवात, पुढे प्रत्येक वेळी पाचपट पातळ, आठ पायऱ्या, प्रत्येकी तीन वेल. अ‍ॅक्टिनोमायसिन ताजं. नव्याचा ईडी५० समजा ०.०५ आला आणि जुन्याचा ५, तर जुन्यात शंभरातला एकच हिस्सा जिवंत उरलाय आणि दोष साठवणीचा. दोन्ही सारखेच ढिम्म राहिले तर पेशी किंवा अ‍ॅक्टिनोमायसिन बघा. नवं कागदावरच्या आकड्याच्या आसपासही आलं नाही आणि पेशी दुसऱ्या एखाद्या लॉटला दाद देतायत असं दिसलं, तर प्लेटचे आकडे आणि लॉट नंबर जोडून कंपनीला लिहा. मग त्यांना उत्तर द्यावंच लागेल. तो आलेख मुलीच्या प्रबंधातही घाला, पहिल्याच प्रकरणात.